एका भल्या शब्दाची परवड

'भोळा आहे बिचारा' असें आपल्या घरांत एखाद्या मुलाविषयीं कोणी म्हणालें, तर ती स्तुति समजावी कीं कींव, हें बोलणाऱ्याच्या स्वरावरूनच ठरवावें लागतें. शब्द एकच, परंतु त्यांत मायाही असते आणि उपहासही असतो. हा घोटाळा केवळ मराठीचा नव्हे. प्राचीन ग्रीकांच्या भाषेंत 'एउएथेइआ' असा एक शब्द होता. त्याचा वृत्तांत पाहिला, म्हणजे शब्दाच्या भाग्याशीं समाजाचें शील कसें बांधलेलें असतें, हें ध्यानांत येतें.

'एउ' म्हणजे चांगलें. आपल्या 'सु' या उपसर्गाचा हा दूरचा भाऊबंद. 'एथोस' म्हणजे स्वभाव किंवा शील. तेव्हां शब्दाचा सरळ अर्थ 'सुशीलता'. पण ज्याच्या मनांत कपट नसतें त्याला दुसऱ्याचें कपट लवकर उमगत नाहीं. म्हणून हाच शब्द पुढें खुळेपणालाही लागूं लागला. हिरोडोटसनें सांगितलेली एक कथा या दृष्टीनें मोठी मौजेची आहे. अथेन्समधून हद्दपार झालेल्या पिसिस्ट्रॅटस या सत्ताधीशाला परत यावयाचें होतें. त्याच्या पक्षानें फाया नांवाची एक देखणी स्त्री शोधली. चार हात उंचीला तिला तीनच बोटें कमी होतीं! तिला चिलखत चढवून रथांत उभें केलें, आणि अथीना देवी स्वतः पिसिस्ट्रॅटसला आपल्या गडावर आणीत आहे, अशी दवंडी पिटविली. लोकांनीं तें खरें मानलें. रानटी लोकांहून आपण चतुर आणि खुळ्या भोळेपणापासून मुक्त, असा ग्रीकांचा लौकिक. त्यांत अथेन्सचे लोक तर शहाणपणांत पहिले. आणि तेच असे फसावे, याचें हिरोडोटसला नवल वाटतें. तेथें त्यानें योजिलेला शब्द हाच आहे.

येथवर गोष्ट हंसण्यासारखी आहे. यापुढें ती तशी राहत नाहीं. इ. स. पू. ४२७ मध्यें कॉर्सायरा बेटांत लोकपक्ष आणि धनिकपक्ष यांच्यांत यादवी माजली. देवळांत आश्रयाला आलेल्यांनाही तेथें जीवदान मिळालें नाहीं. बापानें मुलाला मारल्याचीही नोंद आहे. थ्युसिडिडीज लिहितो, कीं त्या काळांत शब्दांचे अर्थच पालटले. अविचारी धाडसाला शौर्य म्हणूं लागले, आणि दूरदृष्टीला भित्रेपणाचें सोंग ठरविलें. ज्या साधेपणांत थोरवीचा मोठा वाटा असतो, तो साधेपणा हंसून हंसून नाहींसा करण्यांत आला, असें तो म्हणतो. हा साधेपणा म्हणजे आपलाच शब्द.

त्या हंशाची किंमत दोन वर्षांनीं दिसली. इ. स. पू. ४२५ मध्यें धनिकपक्षाचे उरलेले लोक अथेन्सच्या न्यायावर विसंबून शरण आले. एकानेंही पळण्याचा यत्न केला तर सर्वांचा करार रद्द, अशी अट होती. विरोधकांनीं त्यांच्याकडे त्यांचेच स्नेही पाठविले. अथेन्सचे सेनापति तुम्हांला शत्रूच्या हातीं देणार आहेत, नाव तयार आहे, पळा, असा हितोपदेश या स्नेह्यांनीं केला. कांहींजण फसले, पकडले गेले, आणि करार मोडला. मग एका मोठ्या इमारतींतून वीस वीस जणांना बाहेर नेऊन मारूं लागले. सुमारें साठ माणसें मेलीं, तोंवर आंतल्यांना आपले सोबती दुसऱ्या जागीं नेले जात आहेत असेंच वाटत होतें.

या पडलेल्या शब्दाला हात देण्याचें काम प्लेटोनें केलें. त्याच्या 'रिपब्लिक' ग्रंथांत थ्रॅसिमॅकस न्यायालाच 'थोर भोळेपणा' म्हणून हिणवितो. पुढें सॉक्रेटिस तोच शब्द उचलतो आणि बजावतो, कीं मूर्खपणाला गोड नांव म्हणून आपण वापरतों ती ही 'एउएथेइआ' नव्हे. खऱ्या सुघटित मनाची ती 'एउएथेइआ'. सज्जन तरुणपणीं भोळे दिसतात व सहज फसतात, हें तो नाकारीत नाहीं. दुष्टाचा नमुना त्यांच्या अंतरांत नसतो, एवढेंच त्याचें कारण. म्हणून न्यायाधीश वृद्ध असावा. अन्याय त्यानें स्वतःच्या मनांत नव्हे, तर दुसऱ्यांच्या ठायीं दीर्घकाळ पाहून ओळखलेला असावा. उलट संशयी धूर्त आपल्यासारख्यांत चतुर ठरतो. पण सज्जनांत येतांच तोच मूर्ख दिसतो, कारण निरोगी शील त्याला ओळखूंच येत नाहीं.

आपल्या संस्कृतांत 'मुह्' या एकाच धातूपासून 'मूढ' आणि 'मुग्ध' अशीं दोन रूपें निघालीं. मुळांत दोहोंचाही अर्थ 'भ्रांत झालेला'. पण मुग्ध हळूहळू निरागस आणि मनोहर झाला, मूढ मात्र मूढच राहिला. ग्रीक शब्द शीलाकडून खुळेपणाकडे घसरला. आपला शब्द खुळेपणाकडून शीलाकडे चढला.

मुलांना जगाची लबाडी शिकविली पाहिजे, यांत शंका नाहीं. कॉर्सायराचे बंदी ती वेळेवर ओळखते, तर कदाचित् वांचते. पण लबाडी ओळखणें निराळें आणि ती अंगीं बाणविणें निराळें. यापुढें 'भोळा आहे' असें म्हणतांना आपल्या स्वरांत माया आहे कीं हंशा, एवढें आम्हीं स्वतःशीं तपासून पाहिलें, तरी त्या जुन्या शब्दाचें कांहींसें ऋण फिटेल.