दारात उभं राहून पाहिलेली शाळा



आम्ही मुंबईतल्या कॉटन ग्रीनच्या बचत गटाच्या बायका. रेडिओवर आम्हाला विषय मिळाला तो असा, की शहरातल्या बायकांना टीव्हीनं काय शिकवलं? विषय सोपा वाटला. पण गटात बसून वयस्कर बायकांना विचारायला लागलो, तेव्हा कळलं की हा पन्नास वर्षांचा इतिहास आहे. आणि तो तुमच्या गावाशीही जोडलेला आहे.

आधी आमची ओळख. कॉटन ग्रीन हे हार्बर लाइनवरचं, रे रोड आणि शिवडीच्या मधलं स्टेशन. नाव इंग्रजी असलं तरी ते तुमच्या शेतातल्या कापसावरून पडलं. मुंबईचा कापूस बाजार आधी कोटात होता, १८४४ मध्ये तो कुलाब्याला गेला आणि १९२० च्या दशकात समुद्रात भराव टाकून केलेल्या आमच्या जमिनीवर आला. विदर्भ-खानदेशातल्या गाठी इथल्या गोदामांत उतरायच्या आणि लालबाग-परळच्या गिरण्यांत जायच्या. त्या गिरण्यांत राबणारी माणसं सातारा, सांगली, कोकणातली. म्हणजे कापूसही गावचा आणि माणूसही गावचाच.

२ ऑक्टोबर १९७२ ला वरळीहून मुंबईचं टीव्ही केंद्र सुरू झालं. दिल्लीनंतरचं देशातलं हे दुसरं केंद्र. पुढच्याच वर्षी सिंहगडावरून पुण्यालाही ते दिसू लागलं. कार्यक्रम संध्याकाळचे काही तासच असत. पण त्या थोड्या वेळात शिकवण्याचं काम बरंच चालायचं. शेतकऱ्यांसाठी 'आमची माती आमची माणसं', कामगारांसाठी 'कामगार विश्व', बायकांसाठी 'सुंदर माझं घर', प्रौढांच्या शिक्षणासाठी 'ज्ञानदीप'. शाळेच्या मुलांसाठी वेगळे पाठही असत.

हे पाहिलं कुणी आणि कसं? आमच्या गटात सत्तरी ओलांडलेल्या एक काकू आहेत. त्या सांगतात, "अख्ख्या मजल्यावर एकच टीव्ही. आत सतरंजीवर पोरं, खाटेवर पुरुष. आम्ही बायका दारात. हाताला पीठ लागलेलं. तव्यावरची भाकरी करपायला लागली की पळायचं. परत येईपर्यंत पुढचं बोलून झालेलं असायचं."

काकू तेव्हा खानावळ चालवायच्या. दहा बाय बाराची खोली, दहा गिरणी कामगार जेवायला. पगाराच्या दिवशी ते पैसे द्यायचे, तोवर वाण्याची उधारी. गिरणगावात अशी खानावळ चालवणाऱ्या बायका घरोघरी होत्या. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अशाच बायकांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि त्यांना राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळवून दिलं. बायकांनी एकमेकींची हमी घ्यायची आणि कर्ज वेळेवर फेडायचं. बचत गट हा शब्द आपल्याकडे रुळण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले. काकूंकडे जेवणारे एकेक करून गावी निघून गेले. काहींचे दोन-तीन महिन्यांचे पैसे राहिले ते राहिलेच. काकूंनी मंगळसूत्र सावकाराकडे ठेवलं. ते सुटायला चार वर्षं लागली.

आम्ही विचारलं, "काकू, तुम्ही बँकेत का नाही गेलात? अन्नपूर्णाच्या बायका तर लालबागेत, चालत जाण्याच्या अंतरावर होत्या."

काकू म्हणाल्या, "बायकांना बँक कर्ज देते, हे टीव्हीवर कानावर पडलं होतं गं. पण कुठली बँक, कागद कोणते, नवऱ्याची सही लागते का, हे विचारायचं कुणाला? टीव्हीला विचारता येतं होय?"

त्या दिवशी आमचा हिशेबच आम्ही बसून राहिलो. बातमी घरापर्यंत पोचली होती. पण विचारायला जागा नव्हती, आणि त्याची किंमत एका बाईनं चार वर्षं व्याज भरून दिली.

खरं तर विचारायची सोय करण्याचा मोठा प्रयोग त्याआधीच आपल्या महाराष्ट्रात झालेला होता, आणि तोही खेड्यांत. १९५६ मध्ये आकाशवाणीच्या पुणे केंद्रानं युनेस्कोच्या मदतीनं शेतकरी श्रोता मंडळं काढली. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतली १५० गावं निवडली. आठवड्यातून दोनदा, अर्ध्या अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे एकूण २०. गावातल्या पंधरा-वीस जणांनी ठरल्या जागी बसून तो ऐकायचा. रेडिओ बंद झाला की त्यावर चर्चा करायची. आपल्या गावात यातलं काय होईल ते ठरवायचं आणि शंका रेडिओ केंद्राला पाठवायच्या. त्यांची उत्तरं पुढच्या कार्यक्रमांत मिळायची. ऐका, चर्चा करा, कामाला लागा, अशी ती रीत होती.

मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेनं या प्रयोगाचा अभ्यास केला. तीन प्रकारची गावं तपासली. एक, रेडिओ आणि मंडळ दोन्ही असलेली. दोन, नुसता रेडिओ असलेली. तीन, रेडिओच नसलेली. मंडळं होती त्या गावांत लोकांची माहिती खूप वाढलेली दिसली. नुसता रेडिओ होता त्या गावांत मात्र फार फरक पडला नव्हता. सख्यांनो, हे नीट लक्षात ठेवा. कार्यक्रम तोच, आवाज तोच. फरक पडला तो एकत्र बसून बोलण्यानं.

टीव्हीवर ही रीत 'ज्ञानदीप'नं उचलली. त्याचे निर्माते होते आकाशानंद. हा कार्यक्रम बघणाऱ्या लोकांनी महाराष्ट्रात ठिकठिकाणी ज्ञानदीप मंडळं काढली. पाहिलेल्या गोष्टीवर बोलायचं आणि आपल्या भागात काहीतरी करून बघायचं, हे मंडळाचं काम. आमच्या चाळीत मात्र असं मंडळ झालं नाही. झालं असतं तर काकू दारातून आत आल्या असत्या, असं आम्हाला वाटतं.

पुढची वर्षं टीव्हीवरच्या शिक्षणाची भरभराट झाली. १९८४ मध्ये पुण्यात मुलांसाठी बालचित्रवाणी सुरू झाली. त्याच वर्षी १५ ऑगस्टपासून विद्यापीठ अनुदान आयोगाचे कॉलेजच्या मुलांसाठीचे कार्यक्रम देशभर दिसू लागले. २६ जानेवारी २००० ला ज्ञानदर्शन हे शिक्षणाचं स्वतंत्र चॅनेल आलं. २०१७ मध्ये स्वयंप्रभाची ३२ चॅनेल एकदम सुरू झाली, आणि त्याच वर्षी आपल्या मराठी मुलांची बालचित्रवाणी बंद झाली. जिथे संध्याकाळी अर्धा तास मिळायचा, तिथे चोवीस तास शिकवणी सुरू झाली.

दरम्यान टीव्ही घरोघर आला. दारात उभं राहणं संपलं, आणि ते दिवस परत यावेत असं आमच्यापैकी कुणीही म्हणणार नाही. पण एकत्र बघणंही त्याबरोबर गेलं. शिकवणीचे तास वाढले, माणसं मात्र एकेकटी झाली.

मग आली केबल. आमच्याकडे केबलवाल्याचं स्वतःचं एक चॅनेल असायचं. त्यावर सिनेमा, गल्लीतला गणपती, आणि खाली वाढदिवसाच्या शुभेच्छांची पट्टी. २०११ मध्ये आमच्यातल्या काहीजणींचं नुकतंच बीए झालं होतं, अंगात उत्साह होता. आम्ही त्या ऑफिसात गेलो आणि आठवड्यातून अर्धा तास मागितला. मिळाला. गुरुवारी दुपारी तीनचा.

एका मैत्रिणीच्या भावाच्या कॅमेऱ्यावर आम्ही कार्यक्रम केले. रेशन कार्डात नाव कसं घालायचं. बँकेत खातं उघडायला काय लागतं. गिरणी कामगारांच्या घरांसाठी कोणते कागद जपून ठेवायचे. हा शेवटचा विषय आमच्या भागात जिवाचा होता. गिरणीचं ओळखपत्र, पगाराची चिठ्ठी, फंडाचा कागद यातलं काहीतरी हाताशी हवं, आणि कितीतरी घरांत ते पावसाळ्यात भिजून गेलेलं किंवा रद्दीत गेलेलं. २०१२ मध्ये म्हाडानं या घरांची पहिली सोडत काढली, तोवर चाळीत दुसरं बोलणंच नव्हतं.

आता आमची चूक सांगतो. दुपारी तीनला आमच्याकडे पाणी येतं. बायका नळावर आणि आमचा कार्यक्रम रिकाम्या खोलीत! हे आम्हाला तिसऱ्या आठवड्यात कळलं. मग आम्ही रेकॉर्डिंग संध्याकाळी एका खोलीत लावायला लागलो. बारा-पंधरा जणी यायच्या. मधेच कुणीतरी म्हणायची, "थांबव, हे परत दाखव." एकीनं विचारलं, "सासऱ्यांच्या कार्डावर नाव वेगळं आहे, चालेल का?" आम्हाला उत्तर माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी दोघी जाऊन विचारून आल्या. ज्या घरी एकट्या बघायच्या त्यांना विषयसुद्धा आठवत नव्हता. या बारा-पंधरा जणींनी मात्र ट्रंका उघडून कागद शोधले.

२०१२ च्या अखेरीला मुंबईत सेट टॉप बॉक्स सक्तीचा झाला. गल्लीतल्या चॅनेलचा नंबर बदलला, मग कारभार बदलला. आम्हाला सांगण्यात आलं की पुढच्या महिन्यापासून अर्ध्या तासाचे जाहिरातीच्या दरानं पैसे पडतील. एवढे पैसे आमच्या गटाच्या वर्षभराच्या बचतीतही नव्हते. कार्यक्रम बंद झाला.

आम्ही भांडायला गेलो नाही, कारण कशाच्या आधारावर भांडणार? आपल्या १९९५ च्या केबल कायद्यानं दूरदर्शनची ठरावीक चॅनेल दाखवणं केबलवाल्यांना बंधनकारक केलं. पण वस्तीतल्या लोकांना स्वतःसाठी वेळ मिळालाच पाहिजे, असा हक्क त्यात नाही. दुसरीकडे हे झालेलं आहे. न्यूयॉर्क शहरानं १९७१ मध्येच केबल कंपन्यांना लोकांसाठी चॅनेल राखून ठेवायला लावलं. १९८४ च्या अमेरिकन कायद्यानं तर तिथल्या शहरांना नागरिकांसाठी, शाळा-कॉलेजांसाठी आणि नगरपालिकेच्या कामासाठी चॅनेल मागण्याचा अधिकार दिला. आमचा अर्धा तास मेहेरबानीवर चालला होता, आणि मेहेरबानी संपली की तो संपला.

म्हणून सख्यांनो, तुमच्याकडे काय आहे ते आमच्या नजरेतून बघा. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे. त्यानंतर २००२ मध्ये शिक्षणसंस्थांना आणि २००६ मध्ये सामाजिक संस्थांना सामुदायिक रेडिओ काढायची वाट मोकळी झाली. साताऱ्यातल्या म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी बोलू लागली ती याच वाटेनं. त्या नियमात एक मोठी गोष्ट लिहिलेली आहे. सामुदायिक रेडिओवरचे निदान निम्मे कार्यक्रम तिथल्या लोकांच्या सहभागातून झाले पाहिजेत. आम्हाला केबलवर जे मागावं लागलं, ते तुम्हाला रेडिओवर नियमानं मिळालेलं आहे.

पण नियमानं वेळ मिळतो, शिकणं मिळत नाही. २०२० च्या टाळेबंदीत शाळा बंद झाल्या. २० जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी 'टिलीमिली' मालिका सुरू झाली. आमच्या चाळीत घरोघरी टीव्ही होता, तरी मुलं पाच मिनिटांत कंटाळायची. मग आम्ही कॉलेजच्या मुलींना सांगितलं, एकेका इयत्तेची तीन-चार पोरं घ्या, दारं उघडी ठेवा, अंतर ठेवून बसवा आणि पाठ झाला की काय काय दाखवलं ते विचारा. काकू रोज खुर्ची घेऊन त्या दारात बसायच्या. एकदा त्यांनी मधेच विचारलं, "हे भागाकाराचं परत सांग गं, मलाही येत नाही." मुलं हसली. मुलीनं परत सांगितलं. काकूंना भागाकार आला की नाही ठाऊक नाही, पण त्या दिवसापासून मुलंही न लाजता विचारायला लागली.

तुमच्याकडे रेडिओ आहे आणि गटही आहे. दोन्ही एकत्र आणायला खर्च नाही. महिन्याच्या बैठकीत हप्ते गोळा करण्याआधी एक कार्यक्रम सगळ्यांनी मिळून ऐका. मग रेडिओ बंद करून पंधरा मिनिटं बोला. आपल्या गावात याचं काय, हे प्रत्येकीला विचारा, आणि नव्या सुनांना आधी विचारा. शंका हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर लिहा आणि केंद्राला कळवा. कार्यक्रमाची वेळ पाण्याच्या, दुधाच्या किंवा निंदणीच्या वेळी येत असेल, तर तीही बदलून मागा. आम्हाला ते उशिरा सुचलं.

आणि बैठक सुरू करण्याआधी एकदा दाराकडे बघा. कुणी उंबऱ्याबाहेर उभी असेल तर तिला आत घ्या.