जीपचे मागचे ब्रेक

परवा शेतातल्या खोलीची साफसफाई करताना कोपऱ्यात एक गंजलेला ब्रेकचा ड्रम सापडला. नऊ इंची, आतून घासून गुळगुळीत झालेला. भंगारवाल्याला द्यायला म्हणून उचलला आणि तिथेच हातात धरून बसलो. मग तो काही दिला नाही. त्या ड्रमची ही गोष्ट.

आमच्या अण्णांची जीप होती. अजूनही आहे. उंच बॉनेटची, म्हणजे सीजे-३बी. अण्णांनी ती १९७४ साली सरकारी लिलावात घेतली. त्या काळात खान्देशात जीप म्हणजे काय होतं, हे आताच्या मुलांना सांगून समजणार नाही. कापसाचं बी आणायला जीप, लग्नात नवरदेवाला जीप, निवडणुकीत भोंगा लावायला जीप, आणि बाळंतिणीला धुळ्याच्या दवाखान्यात न्यायलाही जीपच. चौघांच्या गाडीत बारा माणसं बसायची. शिवाय एकदोन जण मागच्या फळीवर उभे.

या जीपचं मूळ गाव अमेरिका. १९४१ साली महायुद्धासाठी विलिस कंपनीने ती बनवायला घेतली. इकडे जे. सी. आणि के. सी. महिंद्र हे दोन भाऊ आणि गुलाम मोहम्मद यांनी १९४५ साली पोलादाच्या व्यापाराची कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, आणि कंपनीच्या नावात फक्त महिंद्र उरले. त्यांनी विलिसच्या जीपचे सुटे भाग आणून मुंबईत जोडायला सुरुवात केली. सीजे-३बी ही अमेरिकेत १९५३ साली आली. तिचं इंजिन उंच होतं म्हणून बॉनेटही उंच करावं लागलं. तिकडे ती बंद पडली तरी आपल्याकडे कितीतरी वर्षं बनत राहिली.

आता ब्रेक. चारही चाकांना नऊ इंची ड्रम. पॅडल दाबलं की मास्टर सिलिंडरमधलं तेल नळीतून चाकापर्यंत जातं, तिथला छोटा सिलिंडर दोन शूंना बाहेर ढकलतो, आणि शू फिरत्या ड्रमला आतून घासतात. ही कल्पना जुनी आहे. ड्रम ब्रेक लुई रेनॉने १९०२ साली वापरात आणला. गंमत म्हणजे त्याच १९०२ मध्ये इंग्लंडात लँचेस्टरने डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं होतं, पण डिस्कचे दिवस यायला पन्नास वर्षं लागली. तेलाने ब्रेक लावायची युक्ती माल्कम लॉकहीडची. विमानांच्या कंपनीमुळे ज्याचं नाव झालं त्या ॲलनचा हा भाऊ. १९२१ साली ड्युसेनबर्ग गाडीला चारही चाकांवर तेलाचे ब्रेक आले, १९२४ साली क्रायस्लरने ते जरा स्वस्त गाडीत आणले. फोर्डने मात्र १९३९ पर्यंत सळ्या आणि तारांवरच भागवलं.

आमच्या जीपच्या हँडब्रेकची तऱ्हा वेगळी होती. तो चाकांवर नव्हताच. गिअरबॉक्सच्या मागे, प्रॉपेलर शाफ्टवर एक छोटा ड्रम, त्याला तो धरायचा. शाफ्ट अडला की मागची चाकं अडली. पण मागचं एक चाक जॅकवर उचललं, की ते चाक मोकळं फिरू शकतं आणि गाडी जॅकवरून सरकते. अण्णा पंक्चर काढताना आधी चाकाला दगड लावायचे आणि मगच पाना हातात घ्यायचे. लहानपणी मला ती नुसती सवय वाटायची.

तर सांगायचा मुद्दा असा, की ही जीप सपाट रानात राजा होती. पण धुळ्याच्या भोवती घाट आहेत. मालेगावकडे निघालात की लळिंग, इंदूरकडे निघालात की शिरपूर सोडल्यावर बिजासन, आणि चाळीसगावाहून वर कन्नडला जायचं तर औट्रम घाट. हा औट्रम म्हणजे कंपनी सरकारचा जेम्स औट्रम, ज्याने १८२५ पासून खान्देशात भिल्लांची पलटण उभी केली. धुळ्यात जुना तीन नंबरचा आणि सहा नंबरचा असे दोन मोठे हमरस्ते एकमेकांना छेदतात. त्यामुळे ब्रेक फेल झालेल्या ट्रकच्या गोष्टी ऐकतच आम्ही वाढलो. चार जुलै २०२३ रोजी आपल्याच जिल्ह्यात, पळासनेरला, ब्रेक निकामी झालेला कंटेनर रस्त्यावरच्या गाड्यांना उडवत थेट हॉटेलात घुसला आणि किमान दहा माणसं गेली. ती बातमी वाचली तेव्हा मला २००३ ची रात्र आठवली.

वेरूळहून परतत होतो. गाडी मी चालवत होतो, शेजारी अण्णा, मागे आई आणि बहिणीचा सात वर्षांचा मुलगा. कन्नड सोडून औट्रम घाट उतरायला लागलो. दुसऱ्या गिअरात होतो, कारण अण्णांचा नियमच होता : ज्या गिअरात चढशील त्याच गिअरात उतर. तिसऱ्या की चौथ्या वळणावर ब्रेक दाबला आणि पाय सरळ तळाला गेला. पुन्हा मारला, पुन्हा तळाला. पंप करून पाहिलं, काही नाही. अण्णा ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "डोंगराच्या अंगाला घे." मी हँडब्रेक ओढला, गाडी आतल्या बाजूच्या चरात घातली आणि कातळाला घासत घासत ती थांबली. आई म्हणाली, "का रे थांबवली?" तिला काही कळलंच नव्हतं.

खाली उतरून बघतो तर मागचं डावं चाक तेलाने चिंब. व्हील सिलिंडरचं रबर फाटलं होतं. पाच-दहा रुपयांचा वॉशर. पण तेलाची वाट चारही चाकांना एकच, म्हणून एक फाटला आणि चारही ब्रेक गेले. अमेरिकेत १९६८ पासून नव्या मोटारींना पुढचा आणि मागचा ब्रेक अशा दोन वेगळ्या वाटा सक्तीच्या झाल्या होत्या. आमच्या जीपचा आराखडा त्याच्या कितीतरी आधीचा.

घरी आल्यावर मी एक हिशेब मांडला. माणसांसकट दीड हजार किलोची गाडी समजा तीनशे मीटर उतरली आणि सगळा भार ब्रेकवरच घेतला, तर जी उष्णता तयार होते तिच्यात साधारण तेरा लिटर पाणी उकळीला येईल. ताशी साठच्या वेगातून गाडी एकवीस वेळा थांबवावी, तेवढी ती उष्णता. आणि ती जाणार कुठे? त्या चार नऊ इंची डब्यांत. ड्रम तापून फुगतो, शूपासून लांब जातो, पॅडल खाली जातं. लायनर तापून पकड सोडतो. ब्रेक ऑइल जुनं असेल तर त्यात पाणी मुरलेलं असतं. साधं डॉट ३ तेल नवं असताना २०५ अंशांना उकळतं, पण पाणी मुरलेलं १४० लाच. तेल उकळलं की त्याची वाफ, आणि वाफ दाबली तर नुसती दबते. अण्णांचा तो गिअरचा नियम म्हणजे हा सगळा हिशेब एका वाक्यात होता.

मी ठरवलं, ब्रेक बदलायचे. अण्णा म्हणाले, "नाही. मूळ आहे ते मूळच राहू दे." एरवी माझं कशाला नाही म्हणायचे नाहीत. या एका गोष्टीवर आम्ही दोन महिने धड बोललो नाही.

शेवटी त्यांना न सांगता मी गाडी मिस्त्रीकडे नेली. दगा मागच्या चाकाने दिला होता, म्हणून माझ्या डोक्यात मागचेच ब्रेक. नंतरच्या जीपचे अकरा इंची ड्रम मिळाले होते, ते मागे बसवा म्हटलं. मिस्त्री म्हणाला, "भाऊ, आधी पुढचं पाहा. ब्रेक मारल्यावर गाडी नाक खाली घालते, सगळं वजन पुढे येतं. मागे जास्त ब्रेक दिला तर मागची चाकं आधी अडतील." मी ऐकलं नाही. पैसे माझे, शहाणपण माझं!

जूनच्या पहिल्या पावसात लळिंगच्या अलीकडे एक म्हैस आडवी आली. गाडीत मी एकटाच, मागचा भाग रिकामा. ब्रेक मारला, मागची चाकं जागच्या जागी अडली आणि जीप शेपटीवरून गर्रकन फिरून धुळ्याकडे तोंड करून उभी राहिली. म्हैस शांतपणे निघून गेली. अडलेलं चाक रस्ता धरत नाही आणि मागची चाकं आधी सुटली तर गाडी फिरते, हे मी त्या दिवशी शिकलो.

निमूट मिस्त्रीकडे गेलो. या वेळी तो सांगेल तसं. पुढे डिस्क, दोन वाटांचा मास्टर सिलिंडर, मागे ते अकरा इंची ड्रमच, पण त्यांत एक इंचाऐवजी पाऊण इंची व्हील सिलिंडर. तेलाचा दाब तोच राहिला तरी जोर छप्पन टक्क्यांवर येतो, कारण तो व्यासाच्या वर्गावर ठरतो. मिस्त्री शाळा सोडलेला, पण हे त्याच्या बोटांना ठाऊक होतं. जुना ड्रम उघडल्यावर त्याने हवेने धूळ उडवली, तेव्हा मात्र मी त्याला थांबवलं. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असे, आणि ती धूळ फुप्फुसात जाऊन बसते. तेव्हापासून तो ओल्या फडक्याने पुसतो. एक धडा मी घेतला, एक त्याने.

डिस्क नवी वाटते, पण १९५३ साली ल मॉंची शर्यत जॅग्वारने डिस्क ब्रेकवर मारली होती. आणि ज्या अमेरिकी दांडग्या गाड्यांची चित्रं आपण भिंतीला लावायचो, त्यांतली १९६४ ची पॉन्टिअॅक जीटीओ एवढी पळणारी, तिलाही चारही चाकांना ड्रमच होते. गाड्या आधी पळायला शिकल्या, थांबायला सावकाश शिकल्या. माणसांचंही फार वेगळं नसतं.

असो. गाडी घरी आणली तेव्हा अण्णा ओट्यावर होते. उठले, चाकाशी वाकून पाहिलं. मी बोलणी खायच्या तयारीत. ते म्हणाले, "लायनर मी किती वेळा बदलले ठाऊक आहे? अकरा वेळा. ड्रम तीनदा लेथवर दिले. मूळ काय राहिलं होतं?" थोड्या वेळाने म्हणाले, "त्या रात्री मागे पोरगं होतं. मला वाटलं, गाडीत खोट निघाली म्हणजे माझ्यात निघाली."

धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ आहे. तिथले जुने कागद कुणी 'सुधारून' लिहायला घेतले तर मी आधी भांडायला उभा राहीन. कागद जसा आहे तसाच राहिला पाहिजे. पण कागदात बसून कुणी घाट उतरत नाही. जी वस्तू अजून माणसं वाहते, तिचा मान तिला जपून चालवण्यात आहे, आणि त्यासाठी तिला हात लावावा लागतो.

अण्णा २०११ साली गेले. जीप अजून चालते. घाटाच्या माथ्यावर मी थांबतो, एकदा ब्रेक दाबून बघतो, दुसरा गिअर टाकतो आणि मगच उतरतो.

ड्रम परत कोपऱ्यात ठेवून दिला आहे. पंक्चर काढायची वेळ आली तर चाकाला लावायला बरा पडेल.