गिरणगांवचा जमाखर्च

महिन्याची मिळकत आणि महिन्याचा खर्च यांची तोंडमिळवणी करणें हें प्रत्येक गृहस्थाचें नित्याचें काम आहे. वरवर पाहतां हा चार भिंतींआडचा विषय वाटतो. परंतु मुंबईच्या इतिहासाकडे पाहिलें म्हणजे असें आढळतें कीं, ही साधी वजाबाकी जेव्हां घराबाहेर आली, तेव्हां तिनें सरकारला आणि गिरणीमालकांनाहि उत्तर देण्यास भाग पाडलें. गरिबाच्या घरांतील पैसा कोठें जातो हें ठाऊक नसतांना, ‘तो उधळ्या आहे’ असें म्हणणें सोपें असतें. आंकडे हातीं आले म्हणजे तें तितकें सोपें राहत नाहीं.

या वजाबाकीला राजकीय अर्थ दिला तो दादाभाई नौरोजी यांनीं. १८७६ सालीं ईस्ट इंडिया असोसिएशनच्या मुंबई शाखेपुढें वाचलेल्या निबंधांत त्यांनीं ब्रिटिश हिंदुस्थानचें दरडोई वार्षिक उत्पन्न सुमारें २० रुपये ठरविलें. एवढ्यांत माणूस जगतो कसा, हें ताडून पाहण्यासाठीं त्यांनीं जें माप घेतलें तें तुरुंगांतील कैद्याच्या अन्नवस्त्राचें. सरकारच्याच अहवालांवरून त्यांनीं दाखविलें कीं, कैद्याच्या अन्नवस्त्राचा खर्च या उत्पन्नाहून अधिक आहे. तात्पर्य, अपराध करून तुरुंगांत गेलेल्यास जें मिळे, तेंहि निरपराध रयतेच्या वांट्यास येत नव्हतें.

युरोपांत याच्या आधींच घरोघरचे हिशेब गोळा करण्यास आरंभ झाला होता. सॅक्सनींतील सांख्यिकीतज्ज्ञ अर्न्स्ट एंगेल यांनीं बेल्जममधील कामगार-कुटुंबांचे हिशेब अभ्यासून १८५७ सालीं एक नियम सांगितला. कुटुंब जितकें गरीब, तितका त्याच्या खर्चांतील अन्नाचा वांटा मोठा, असा तो नियम होय. कपडा आणखी एक वर्ष चालवितां येतो, पण पोटाला उद्यांचा वायदा चालत नाहीं.

मुंबईवर असे हिशेब घेण्याची वेळ आणली ती पहिल्या महायुद्धाच्या महागाईनें. १९१९ च्या जानेवारींत एक लाखाहून अधिक गिरणीकामगार संपावर गेले. पगारवाढीची मागणी रास्त कीं अवास्तव, हें ठरविण्यास महागाईचें माप हवें होतें. १९२१ सालीं मुंबई सरकारनें कामगारविषयक कचेरी, म्हणजे ‘लेबर ऑफिस’, स्थापन केली आणि तिच्या ‘लेबर गॅझेट’ या मासिकांतून राहणी-खर्चाचे आंकडे प्रसिद्ध होऊं लागले. जुलै १९१४ चा खर्च १०० मानल्यास १९२० च्या ऑक्टोबरांत तो १९३ वर गेला होता. युद्धापूर्वीं जें एका रुपयांत भागे, त्याला जवळजवळ दोन रुपये पडूं लागले होते.

या कचेरीचे प्रमुख फिंडले शिरास यांच्या देखरेखीखालीं १९२१-२२ मध्यें २,४७३ कामगार-कुटुंबांचे जमाखर्च नोंदले गेले. तो अहवाल १९२३ सालीं बाहेर आला. कुटुंबाची सरासरी मासिक मिळकत ५२ रुपये ४ आणे ६ पै भरली. (तेव्हां रुपयाचे १६ आणे व आण्याच्या १२ पै होत.) खर्चाच्या दर १०० रुपयांपैकीं अन्नावर ५६.८, सरपण व दिवाबत्तीवर ७.४, कपड्यांवर ९.६, घरभाड्यावर ७.७ आणि इतर बाबींवर १८.५ रुपये जात. निम्म्याहून अधिक पैसा अन्नावर जात असूनहि तें अन्न पुरेसें होतें काय? अहवालाचें उत्तर दादाभाईंची आठवण करून देणारें आहे. कामगाराच्या धान्याचें प्रमाण दुष्काळी कामांच्या नियमांतील शिध्याएवढें होतें, परंतु मुंबईच्या तुरुंगांतील शिध्याहून कमी होतें.

याहून बोलका आंकडा कर्जाचा होता. ४७ टक्के कुटुंबें कर्जांत होतीं, आणि तें कर्ज सुमारें अडीच महिन्यांच्या कमाईएवढें होतें. केवळ सरासरीवरून याचें कारण कळत नाहीं. सरासरी महिना कोणाच्याच घरीं येत नसतो. एखाद्या महिन्यांत खाडे पडतात, एखाद्यांत आजारपण येतें, एखाद्यांत लग्न निघतें. शिवाय जमाखर्चांत रकमेइतकीच तारीखहि महत्त्वाची असते. गिरण्यांत महिन्याचा पगार पुढील महिन्याचे दहापंधरा दिवस लोटल्यावर हातीं पडे. नव्यानें कामास लागलेल्या माणसाला पहिला पगार दिसेपर्यंत दीड महिना काढावा लागे. भूक मात्र पहिल्याच दिवशीं लागे. तेवढ्या काळांत वाण्याची उधारी आणि सावकाराचें दार एवढाच आधार. व्याजाचा नेहमींचा दर रुपयास दरमहा एक आणा, म्हणजे वर्षाला शेंकडा ७५! वीस रुपये काढणाऱ्यानें वर्षभर नुसतें व्याज भरलें तरी पंधरा रुपये जात, आणि मुद्दल वीसचें वीस उभें राही.

१९३२-३३ मध्यें पुन्हां १,४६९ कुटुंबांची पाहणी झाली. सरासरी मिळकत ५० रुपये १ आणा ७ पै होती. धान्य स्वस्त झालें होतें, आणि अन्नाचा वांटा ४६.६ वर उतरला होता. एंगेलच्या नियमानें पाहतां स्थिति सुधारली असें कोणी म्हणेल. पण घरभाड्याचा वांटा १२.८ वर चढला होता, आणि कर्जदार कुटुंबें शेंकडा ७५ झालीं होतीं. मधल्या काळांत, १९२८ सालीं, सुमारें सहा महिने चाललेला सार्वत्रिक संप होऊन गेला होता. एका वर्षाची पडलेली तूट पुढील स्वस्ताईनें आपोआप भरून येत नाहीं.

या आंकड्यांचा उपयोग झाला. १९३६ च्या वेतन-अदायगी कायद्यानें महिना संपल्यावर सात दिवसांत, आणि हजार वा अधिक कामगारांच्या कारखान्यांत दहा दिवसांत, पगार देण्याचें बंधन घातलें. दुसऱ्या पाहणीच्या आधारें राहणी-खर्चाचा नवा निर्देशांकहि तयार झाला. आज नोकरदाराच्या पगारपत्रकांत महागाई-भत्त्याची जी ओळ असते, तिचा मागोवा घेत गेल्यास माणूस गिरणगांवच्या एकेका खोलींत बसून लिहून घेतलेल्या त्या हिशेबांपर्यंत पोंचतो. त्या खोल्यांतील बायकांनीं मीठ, तेल, भाडें आणि व्याज यांचे आंकडे खरे सांगितले नसते, तर वजाबाकी करणाऱ्यांच्या हातीं कांहींच नसतें.