गोवराची आठवण

गोवर आयुष्यात एकदाच निघतो, हे शिरूर-दौंडकडच्या कुठल्याही आजीला विचारा. याचा भक्कम पुरावा मात्र मिळाला फार दूर, उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांवर. १८४६ मध्ये तिथे साथ आली आणि सुमारे ७,८०० लोकांपैकी ६,००० जण आजारी पडले. पीटर पानूम या तरुण डॅनिश डॉक्टरने घरोघरी चौकशी केली. १७८१ च्या साथीत गोवर झालेल्या एकाही म्हाताऱ्याला तो पुन्हा झाला नव्हता. मधली ६५ वर्षं बेटांवर गोवर नव्हताच!

उजळणी नसताना शरीराच्या लक्षात कसं राहिलं? विषाणूशी जुळणाऱ्या मोजक्या बी पेशी संसर्गात भराभर वाढतात. बहुतेक नंतर मरतात. काही हाडांच्या मगजात जाऊन वर्षानुवर्षं अँटिबॉडी बनवत बसतात, काही स्मृतिपेशी होऊन गप्प राहतात. तोच विषाणू परत आला की त्या दिवसांचं काम तासांत सुरू करतात.

पण गोवर लबाड आहे. तो नेमका या स्मृतिपेशींतच घुसतो. स्वतःची आठवण ठेवून जातो आणि बाकीच्या पुसतो. लस न घेतलेल्या डच मुलांवरच्या २०१९ च्या अभ्यासात गोवरानंतर इतर रोगांविरुद्धच्या ११ ते ७३ टक्के अँटिबॉडी नाहीशा झालेल्या आढळल्या. म्हणजे ‘एकदा निघून गेला की सुटलो’ हे अर्धंच खरं.

लस ही आठवण अशी किंमत न घेता देते. प्रश्न सुईचा होता. सुई टोचायला प्रशिक्षित माणूस लागतो, वापरलेली सुई नीट नष्ट करावी लागते. म्हणून पुणे जिल्ह्यात एक मोठी चाचणी झाली. नऊ महिने ते एक वर्ष वयाची २,००४ बाळं. निम्म्यांना नेहमीचं इंजेक्शन, निम्म्यांना तीच लस मास्कमधून, श्वासावाटे. आठवण थेट मोजणं अवघड, म्हणून ९१ व्या दिवशी रक्तातल्या अँटिबॉडी पाहिल्या. त्यात ३३१ मुलांचे निकाल हाती लागलेच नाहीत, कारण गोठवलेले नमुने वितळले. (डेटा गमावल्याचं दुःख आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना वेगळं सांगायला नको. पण इथे प्रत्येक नमुन्यामागे एक रडलेलं बाळ होतं.)

निकोला लो, आशिष बावडेकर आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये निकाल छापला. इंजेक्शनवाल्यांत ९४.६ टक्के मुलांत पुरेशा अँटिबॉडी, श्वासवाल्यांत ८५.४. लस सुरक्षित होती, पण फरक ठरवलेल्या मर्यादेपेक्षा जास्त होता. गोवरासारख्या झपाट्याने पसरणाऱ्या रोगात नऊ टक्के म्हणजे साथीला मोकळी वाट.

अंगणवाडीत आजही सुईच आहे. नवव्या महिन्यानंतर एकदा आणि १६ ते २४ महिन्यांत पुन्हा, कारण पहिल्या वेळी काही बाळांच्या रक्तात आईकडून आलेल्या अँटिबॉडी उरलेल्या असतात आणि त्या लसीलाच अडवतात.