गरम पाण्याचा हिशेब : अथाबास्काची तेलवाळू 🧵

१/ कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात अथाबास्का नदीच्या काठी डांबरासारख्या घट्ट बिट्युमेनने माखलेली वाळू आहे. तेथील क्री आणि डेने लोक या बिट्युमेनने होड्यांच्या फटी बुजवत असत.

२/ परंतु वाळूतून ते वेगळे कसे करावे? १९२० च्या दशकात कार्ल क्लार्क या शास्त्रज्ञाने गरम पाण्याची पद्धत विकसित केली. तिच्या आधारे १९६७ मध्ये फोर्ट मॅकमरेजवळ पहिला मोठा प्रकल्प सुरू झाला. तो पाहण्यास क्लार्क हयात नव्हते. डिसेंबर १९६६ मध्ये त्यांचे निधन झाले होते.

३/ एका बॅरलसाठी सुमारे दोन टन वाळू उपसावी लागते, पाणी तापवण्यासाठी इंधन जाळावे लागते. म्हणूनच तेलाचे भाव चढले की हा उद्योग बहरतो, कोसळले की अडचणीत येतो.

४/ उरलेले दूषित पाणी विस्तीर्ण तलावांत साठवले जाते. त्यातील बारीक गाळ वर्षानुवर्षे तळाशी बसत नाही. एप्रिल २००८ मध्ये सिंक्रूड कंपनीच्या अशाच तलावावर उतरलेली सुमारे १,६०० बदके मेली. २०१० मध्ये न्यायालयाने कंपनीला दोषी ठरवले.

५/ ज्या पाण्याने वाळूचे तेल केले, त्याच पाण्याने हे तलाव भरले. तेल केव्हाच विकले गेले; तलाव मात्र पुढच्या पिढ्यांच्या नावे शिल्लक आहेत.