घाटातली टकटक

सोलापूरहून धाराशिवला येताना तुळजापूरच्या अलीकडे बालाघाटाचा चढ लागतो. १९८०च्या दशकात आमच्या घरच्या जुन्या गाडीची परीक्षा याच चढावर व्हायची. वडील शाळेत शिक्षक. टॉप गिअरमध्येच त्यांनी अ‍ॅक्सिलरेटर दाबला की बॉनेटखालून टकटक सुरू होई. पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तशी. सपाटीला आले की आवाज गायब. "देवीच्या दारात आल्यावर गाडीसुद्धा टाळ वाजवते," असे आई म्हणायची.

जिल्हा तेव्हा कागदोपत्री उस्मानाबाद होता. गावातल्या मिस्त्रींनी गाडीला हात लावण्याआधी वडिलांची उलटतपासणीच घेतली. "गुरुजी, उभ्या गाडीत वाजतंय का चढालाच वाजायलंय? पाय काढला की थांबतंय का?" या प्रश्नांमागे निदानाची रीतसर पद्धत होती. उभ्या गाडीतही जड, खोल ठोका येत असेल तर बेअरिंगची झीज. सतत बारीक टिकटिक असेल तर टॅपेट. फक्त भार पडल्यावर येणारी आणि पाय काढताच थांबणारी टकटक मात्र इंधनाच्या अवेळी जळण्याची.

प्लगच्या ठिणगीने पेटलेली ज्योत सिलिंडरभर शांतपणे पसरावी, हा नियम. पण दाब आणि उष्णता फार वाढली की टोकाला उरलेले मिश्रण ज्योत पोहोचण्याआधीच आपणहून भडकते. त्या दाबाच्या लाटा धातूवर आदळतात, तोच हा आवाज. ठिणगी फार लवकर पडणे, इंजिन तापणे, आत कार्बन साचणे आणि हलके पेट्रोल ही त्याची नेहमीची कारणे.

मिस्त्रींनी रेडिएटर पाहिला, प्लग काढून पाहिले. मग डिस्ट्रिब्यूटरचा नट सैल करून तो किंचित फिरवला, म्हणजे ठिणगी थोडी उशिरा पडेल. टकटक कमी झाली, थांबली नाही. तेव्हा त्यांनी थोडे पेट्रोल तळहातावर घेऊन हुंगले. "यात रॉकेल हाय." दोष गाडीचा नव्हता. टाकी रिकामी केली, हेड उघडून कार्बन खरवडला, दुसऱ्या पंपावरचे पेट्रोल भरले. पुढच्या खेपेला घाट मुकाट्याने चढलो.

मिस्त्री डिस्ट्रिब्यूटरला 'डेल्को' म्हणत. हा शब्द कुठला, हे शोधताना मी पुष्कळ वर्षांनी अमेरिकेतल्या डेटन गावी पोहोचलो, अर्थात पुस्तकांतून. 'डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी' या नावाचे ते लघुरूप. चार्ल्स केटरिंग आणि एडवर्ड डीड्स यांनी १९०९ मध्ये ती काढली. मोटारी ठोकू लागल्या तेव्हा लोकांनी केटरिंगच्या बॅटरीवरच्या इग्निशनकडे बोट दाखवले. शिवाय शेतघरांसाठी त्यांनी काढलेले वीजसंच रॉकेलवर चालत आणि तेही ठोकत. आमच्या टाकीतल्या भेसळीचा आणि या संशोधनाचा उगम असा एकाच रॉकेलात निघाला.

१९१६ मध्ये केटरिंगने हे काम थॉमस मिजली या तरुण इंजिनिअरकडे सोपवले. इंधन तांबडे केले तर ते उष्णता लवकर शोषेल, अशा तर्काने मिजलीने रॉकेलात आयोडिन घातले. ठोके कमी झाले. मग खरे तांबडे रंग घालून पाहिले, तर काहीच फरक नाही. तर्क चुकला, पण एखादा पदार्थ ठोके थांबवू शकतो हे कळले. अनेक पदार्थ तपासल्यावर ९ डिसेंबर १९२१ रोजी शिशाचे एक संयुग, टेट्राएथिल लेड, सापडले. पेट्रोलच्या हजार भागांत त्याचा एक भागही पुरे होई.

अल्कोहोल मिसळूनही ठोके थांबतात, हे या मंडळींना ठाऊक होते. पण अल्कोहोल बरेच घालावे लागे आणि त्यावर पेटंटची मालकी सांगता येण्याजोगी नव्हती. १९२३ मध्ये शिसेयुक्त पेट्रोल विक्रीला आले. नाव ठेवले 'एथिल'. त्यात शिशाचा उच्चारही नाही. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीच्या बेवे कारखान्यात शिशाच्या विषबाधेने पाच कामगार दगावले, त्याआधी त्यांना भ्रम झाले. त्याच महिन्याच्या अखेरीस मिजलीने पत्रकारांसमोर ते द्रव्य हातांवर ओतून घेतले आणि हुंगून दाखवले. आदल्या वर्षी तो स्वतः शिशाच्या बाधेने आजारी पडला होता.

हे वाचताना मला आमचे मिस्त्री आठवले. काम संपले की ते पेट्रोलनेच हात धूत. टाकीतले पेट्रोल काढायला नळी तोंडाने ओढत. तेव्हाच्या आपल्या पेट्रोलमध्ये शिसे होते. देशभर शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले ते १ फेब्रुवारी २००० पासून, आणि जगातला शेवटचा शिसेयुक्त पंप अल्जीरियात २०२१ मध्ये बंद झाला. मधल्या काळात गॅरेजमध्ये राबलेल्या आमच्या मिस्त्रींचे रक्त कुणी तपासले नाही.

भेसळीची किंमतही याच राज्याने मोजली. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ पानेवाडी येथे मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे टँकरमधली तेलचोरी रोखायला गेले, तेव्हा त्यांना जिवंत जाळण्यात आले.

त्याआधी दहा वर्षे, २००१ मध्ये, त्याच मनमाडला आणि मिरजेला पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे पथदर्शी प्रयोग झाले. २००३ पासून महाराष्ट्रासह नऊ राज्यांत पाच टक्के मिश्रण सुरू झाले. आता ते वीस टक्क्यांवर आले आहे. सुरुवातीला ते उसाच्या मळीपासूनचे अल्कोहोल होते. कल्पना नवी नव्हती. आपल्याकडे पॉवर अल्कोहोलचा कायदा १९४८ मध्येच झाला होता. इथेनॉलच्याही अडचणी आहेत: ते पाणी ओढते, त्यात ऊर्जा कमी असल्याने मायलेज घटते, आणि ऊस या दुष्काळी जिल्ह्याचे पाणी पितो. पण घाटात गाडी ठोकू नये म्हणून शिसे हाच एक उपाय होता, असे म्हणण्याला इतिहासात आधार नाही.

आजच्या गाडीत ठोका ऐकणारा सेन्सर असतो. तो ठिणगीची वेळ आपणच मागे घेतो. तुळजापूरचा घाट मी आता खिडक्या बंद करून चढतो. आवाज येत नाही. पण मिस्त्री आधी कारण विचारत आणि मगच पान्हा उचलत, हे मात्र त्या चढावर हटकून आठवते. मिजलीचा शोध मोठा होता. त्याने आवाज थांबवला. त्याची किंमत कोण मोजणार, हा प्रश्न मात्र विचारायला जगाने पन्नास वर्षांहून अधिक काळ लावला.