व्हेरोनाच्या मृत्युनोंदी

१८४२ साली रिगोनी-स्टर्न या इटालियन डॉक्टरांनी व्हेरोनातल्या जुन्या मृत्युनोंदी तपासल्या. गर्भाशयाच्या कर्करोगाने विवाहित स्त्रिया आणि विधवा दगावत. मठातल्या नन क्वचितच. विषाणू ही कल्पनाच तेव्हा नव्हती, म्हणून बोट वळलं ते बाईच्या वागण्याकडे! कारण आणि दोष यांतला फरक आम्ही तत्त्वज्ञानवाले वर्गात शिकवत आलो, घरात मात्र मावशीच्या आजाराचं नाव आम्हीही घेतलं नाही. १९८३ मध्ये झुर हाउझेन यांच्या गटाला गर्भाशयमुखाच्या गाठीत एचपीव्ही-१६ सापडला. तो शरीरसंबंधातून पसरतो, पुरुषाकडूनही येतो. बहुतेकींचं शरीर त्याला वर्ष-दोन वर्षांत घालवतं. ठाण मांडून राहिला तर धोका. आपल्या तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात एकदाच एचपीव्ही तपासणी झालेल्या गटात या कर्करोगाचे मृत्यू निम्म्यावर आले, हे २००९ साली प्रसिद्ध झालं.